ऐंशीच्या वर भरायचं नाही

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते फुलांच्या हिशोबापुरतं. तेव्हा हे कुणाच्या हाती पडलंच, तर चुका पोटात घालाव्यात. मी होऊन कुणाला दाखवणार नाहीच. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा घसा बसतो. कागदासमोर तेवढा बसत नाही.

ही वही काकांची आहे. पुढून त्यांचे आकडे आहेत, निळ्या आणि लाल शाईत, पट्टीने आखलेले. मागची पानं कोरी राहिली होती. वही दिल्यावर म्हणाले, "ताई, चांगला कागद आहे, रद्दीत घालू नका." म्हणून मी मागून लिहिते आहे.

काका नात्याने आमचे कुणी नव्हेत. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा तीस गुंठ्यांचा फुलांचा मळा आहे, झेंडू आणि शेवंतीचा. त्याला लागून त्यांचा बंगला. रोज सकाळी काकूंच्या पूजेला मी फुलं द्यायची, तेवढीच ओळख. काका अंबडच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. रिटायर झाले, पण तपासणं सुटलं नाही. खिशात लाल खडू असायचा. दारात आलेल्या भाजीवाल्याच्या वांग्यावर ते खडूने फुली मारत आणि म्हणत, "रिजेक्ट." एकदा काकूंच्या पोळीवर फुली मारली. पोळी एका बाजूने जाड होती म्हणे. काकूंनी तीच पोळी खडूसकट त्यांच्या पानात वाढली आणि समोर बसून राहिल्या. काकांनी खाल्ली. चांगली झाली तरी ते "चालेल" एवढंच म्हणायचे. त्यांच्या कारखान्यात "पास" असाही एक शब्द असायचा, असं काकूंनी मला सांगितलं होतं. घरात तो कुणी ऐकला नव्हता.

तर त्यांच्याकडे एक पांढरी विजेवरची गाडी होती, चार वर्षांपूर्वीच्या मॉडेलची. ती घेतल्यापासून काकांनी किलोमीटर म्हणणं सोडून दिलं. सगळं टक्क्यात. "पंचवटी तीन टक्के. कॉलेज रोडला मुलीची नणंद राहते, ती चार टक्के, पण चहा देत नाही, म्हणजे महागच." एकदा आमच्या ह्यांना ताप आला तर काकांनी कुंपणावरून विचारलं, "किती टक्के बरं वाटतंय?" आमचे हे भोळे. म्हणाले, "साठ तरी असंल." काकांनी वहीत लिहून घेतलं.

टक्का मला शाळेत शिकवला नव्हता, पण फुलबाजारात आडत्या शेकड्यामागे कापतो, त्यावरून कळला. त्यामुळे काकांचं बोलणं गल्लीत बाकी कुणाला कळलं नाही तरी मला कळायचं. बहुतेक म्हणूनच ते माझ्याशी बोलत.

त्यांचा एक नियम होता. बॅटरी ऐंशीच्या वर भरायची नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की रोजच्या वापराला ऐंशी पुरे, लांब जायचं असेल तेव्हा शंभर करा. काकांनी पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं खोडलं. "पोट तडस लागेपर्यंत कुणी जेवतं का?" असं म्हणत ते ऐंशीला प्लग काढायचे. त्यासाठी मोबाईलला गजर लावलेला असायचा. गजर झाला की जेवणावरून उठून जायचे.

त्यांचं दुखणं वेगळंच होतं. काकांनी गाडी घेतली आणि वर्षाच्या आत कंपनीने नवीन मॉडेल काढलं. ते जास्त लांब जायचं, त्याचा पडदा मोठा होता आणि किंमत थोडी कमीच. त्या दिवसापासून काकांनी वहीचं पान मधोमध दुभागलं. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. लोकांसमोर जुनीच बरी म्हणायचे आणि दर दोन महिन्यांनी शोरूममध्ये जाऊन नवी चालवून यायचे. तिथल्या पोरींनी त्यांना ओळखलं, तेव्हा एका रविवारी ते मळ्यात आले.

"ताई, चपला घाला. तुम्ही गाडी घेताय."

"मी?"

"दाखवायला हो. बोलायचं मी, बघायचं तुम्ही."

मी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि गेले. काचेचं ते एवढं मोठं दुकान, माझ्या पायात स्लिपर आणि टाचांना मळ्यातली माती. एक मुलगी आली आणि म्हणाली, "मॅडम, बजेट काय आहे?" मी तिच्या बुटांकडे बघत राहिले. काका म्हणाले, "मॅडम कमी बोलतात. थेट चेक फाडतात." त्या मुलीने मला सरबत दिलं. मी तो पेला तसाच हातात धरून ठेवला.

काका पुढे पडद्यावर बोटं नाचवत होते, तेवढ्यात मी मागे जाऊन डिकी बघितली. वितीने माप घ्यायची मला सवय आहे. फुलांचे क्रेट किती बसतील ते मोजलं. मागची सीट पाडली तर मध्ये पायरी राहत होती. तिथे क्रेट डुगडुगला असता. घरी आल्यावर काका हातपाय धुवायला गेले, तेव्हा मी हळूच त्यांची जुनी गाडी मोजली. सीट पाडली की जुनी सपाट होत होती. सहा क्रेट आरामात बसणार होते.

त्या दिवसापासून मला झोप लागेना. आमची फुलं टेम्पोने बाजारात जायची. टेम्पोवाला चार मळे फिरायचा आणि आमचा मळा शेवटचा. आम्ही पोचेपर्यंत चढा भाव उतरलेला असायचा आणि शेवंती मान टाकायची. ह्यांच्या एका डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे त्यांना लायसन मिळणार नव्हतं. राहिले मी. मला ती गाडी हवी होती. पण हे काकांना कसं सांगणार? मला तर दुकानात सुटे पैसे परत मागायला होत नाही.

मग साडूभाऊंचं प्रकरण झालं.

काकांचे साडू नव्वद किलोमीटरवरच्या सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी, पोट आणि आवाज दोन्ही मोठे. त्यांनी नेमकी तीच नवी गाडी घेतली आणि दाखवायला नाशिकला घेऊन आले. काकांच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "साडूभाऊ, हाई बॅटरी शे का टॉर्चना सेल?"

काका तापले. "सटाण्याला जाऊन परत आणून दाखवतो. एका चार्जिंगवर. आणली तर मरेपर्यंत हीच चालवणार. नाही आणली तर विकून तुमच्यासारखी घेणार."

"कधी?"

"उद्या."

मी पूजेची फुलं घेऊन दारातच उभी होते. विकणार हा शब्द ऐकला आणि परडी हातातून निसटली. आता बघा माझी पंचाईत. गाडी परत आली तर काका ती विकणार नाहीत. परत नाही आली, तर मोडकी गाडी मी कशाला मागायची? देवापुढे उभं राहिले, तर काय मागायचं तेच सुचेना.

संध्याकाळी काका आमचा फुलांचा वजनकाटा मागायला आले. गल्लीत ज्यांना ज्यांना गाडीत बसवायचे, त्यांची वजनं त्यांच्या वहीत होतीच. मला काट्यावर उभं केलं. त्रेचाळीस किलो.

"पास—" असं काहीसं त्यांच्या तोंडात आलं, पण लगेच सावरून म्हणाले, "चालेल. उद्या साक्षीदार म्हणून तुम्ही माझ्या गाडीत. आकडे लिहायचे."

"आणि काकू?"

"ती साडूच्या गाडीत बसेल. बहिणीकडे जायचंय, ऐसपैस बसू दे."

काकू आतून म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर किलो लिहिलंय माझं वहीत. मला वाचता येतं."

सकाळी काकांची गाडी ऐंशीला आणि साडूंची शंभरला. साडूंनी चांगल्या मनाने सांगितलं, "अहो, आजचा दिवस शंभर भरा. पुस्तकातच लिहिलेलं असतं." काका म्हणाले, "चार वर्षांत भरलं नाही ते तुमच्यासाठी भरू?" आणि गजर बंद केला.

जाताना आम्ही चाळीसच्या वेगाने गेलो. ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकत होते. एसी बंद, काचा बंद, कारण काच उघडली तर वारा भरतो आणि टक्का जातो. माझ्या पोलक्यातून घाम ठिबकत होता. काका घामाने निथळत म्हणत होते, "बघा, गारवा कसा वाटतोय." देवळ्याच्या अलीकडच्या घाटात उतार लागला, तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. उतारावर गाडी आपली आपण थोडी भरते. "आला! एक टक्का आला! लिहा!" मी लिहिला. मागून साडूंची नवी गाडी गुणगुणत येत होती. काचेतून काकू आणि साडू थंडगार बसून चिवडा खाताना दिसत होते.

सटाण्याला पोचलो तेव्हा सेहेचाळीस टक्के उरले होते. काकांचा हिशोब चोख होता, जायला चौतीस गेले, यायला चौतीस, तरी बारा टक्के हाताशी. काकांनी जेवताना दोनदा खीर मागून घेतली. मी मात्र काही खाल्लं नाही. गाडी परत येणार, हे मला कळून चुकलं होतं.

निघताना अंगणात बघितलं, तर साडूंची माणसं काकांच्या डिकीत गोण्या चढवत होती. दोन गोण्या कांदे, एक गोणी बाजरी आणि डाळिंबाचे दोन क्रेट.

काका धावले. "अहो, हे काय?"

साडू हात जोडून म्हणाले, "साडूभाऊ, आमच्या घरून रिकामी गाडी जात नाही. रीत शे."

"तुमच्या गाडीत ठेवा ना! तुम्ही येताच आहात मागून."

"आता भेट तुम्हाला आणि गाडी माझी, असं चांगलं दिसतं का?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू बहिणीच्या हातून ओटी भरून घेत होत्या. तिकडूनच म्हणाल्या, "माझ्या बहिणीने दिलेलं नाही म्हणालात, तर मी इथेच राहीन. आणि मी आपली चौऱ्याहत्तर किलोची, जड बाई. मी साडूंच्याच गाडीत बसते. कांदे तुमच्याकडे."

काकांनी गोण्यांवर लाल फुली मारायला खडूसुद्धा काढला नाही. गाडी मागून खाली बसली होती.

परतीला घाट चढायचा होता. आकडे असे उतरत होते की मला लिहायला पुरेना. पिंपळगाव दहा-बारा किलोमीटर मागे पडलं असेल, तिथे तीन टक्क्यांवर गाडीने पडद्यावर कासवाचं चित्र दाखवलं आणि कासवासारखी चालायला लागली. रस्त्याकडेला एक पिठाची गिरणी होती. काकांनी तिथे गाडी लावली. मागून नवी गाडी आली, थांबली, साडूंनी काच खाली केली, आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता हसत काच वर केली. ते बोलले असते तर बरं झालं असतं. काकूंनी हात हलवला. गाडी गेली.

गिरणीवाला चांगला माणूस. मोठा प्लग दिला. तीन तास लागणार होते. काकांनी तोवर गिरणीचा पट्टा तपासला आणि गिरणीवाल्याला पट्टा रिजेक्ट असल्याचं सांगितलं. परत येऊन माझ्याजवळ बाजरीच्या गोणीवर बसले.

"ताई, एक विचारू?"

"हं."

"मी हरलोय. मग तुम्ही का खूश दिसताय?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. गिरणी बंद होती. बोललं तर ऐकू जाणार होतं.

"काका, गाडी मला द्या."

"काय?"

"इकत घेते. विकत."

"ही? हरलेली?"

"हरली ती सटाण्याला, काका. मला कुठं सटाण्याला जायचंय? मला फुलबाजार गाठायचाय. जाऊन येऊन सात टक्के. ऐंशी भरली तर अकरा दिवस पुरंल. आणि जुनीत सहा क्रेट सपाट बसत्यात. नवीत मध्ये पायरी हाय."

एवढं मी जन्मात सलग बोलले नव्हते. काकांनी वही उघडली, दुभागलेलं पान काढलं, डाव्या बाजूला लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: "सीट सपाट. सहा क्रेट." मग म्हणाले, "चार वर्षं तपासतोय. हे माझ्याकडून सुटलं कसं?"

किंमत चार लाख ठरली. एक लाख दसऱ्याच्या झेंडूतून रोख दिले. बाकीचे दर महिन्याला, टेम्पोला जात होते तेच. ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "लय धाडस झालं तुझं," आणि मग हळूच, "मला पुढच्या सीटवर बसवशील ना?"

गाडी काकांनीच शिकवली, बंगल्यामागच्या मैदानात. गियर नाही, क्लच नाही. "पंखा चालू करता येतो ना? मग झालं." खरंच जमलं, लायसनही निघालं. अडचण निघाली हॉर्नची. मला हॉर्न वाजवायची लाज वाटायची. पुढे माणूस चालतोय, त्याच्या मागे ओरडायचं कसं? जुन्या गाडीला आवाजच नाही. मी कुणाच्याही मागे गुपचूप तीन-तीन मिनिटं चालवत राहायची. एकदा पंचवटीत एका म्हशीच्या मागे पूल ओलांडेपर्यंत राहिले. काकांनी वहीत लिहिलं, "नवीला हळू चालताना गुणगुणायचा आवाज दिला आहे. जुनी मुकी. ताईही मुक्या." दुसऱ्या दिवशी बैलाची घुंगुरमाळ आणून पुढच्या जाळीला बांधली. आता फुलबाजारात घुंगरं वाजली की हमाल म्हणतात, "आल्या बगा ताई."

आमचा माल आता पहिल्या तासात उतरतो. शेवंतीची मान ताठ असते.

काकांनी नवी गाडी घेतली. शब्दाचे पक्के. पण घेतल्यापासून त्यांचं सगळं उलटं झालं. रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन जुनीवर हात फिरवायचे. "हिला एसीचं बटण हाताला लागायचं हो. नवीत पडद्यात शोधावं लागतं. तोवर घाम येऊन वाळतो." मी चहा द्यायची. नव्या गाडीचं पुस्तकही ते मला वाचून दाखवायचे. एक ओळ त्यांना फार टोचली होती. नवीची बॅटरी वेगळ्या जातीची. तिला ऐंशी चालत नाही. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण शंभर भरा, नाहीतर आकडा खोटा दाखवते, असं लिहिलं होतं. काका म्हणायचे, "माझी सगळी शिस्त मोडली हो या गाडीने." आणि दर रविवारी शंभर होईपर्यंत गाडीजवळ खुर्ची टाकून बसायचे, जसं काही ऑपरेशन चाललंय.

माझे हप्तेही ते टक्क्यातच लिहायचे. एक लाख दिले तेव्हा पंचवीस. मग साडेसत्तावीस, मग तीस. सत्तर झाले तेव्हा मी ह्यांना पेढा दिला. दोनेक वर्षांत ऐंशी झाले. पुढच्या महिन्यात मी पैसे घेऊन गेले, तर काकांनी हात मागे घेतले.

"बस. ऐंशीच्या वर भरायचं नाही."

"काका, वीस राहिले."

"नियम आहे."

मला वाटलं चेष्टा. पण त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. मी दारात पैसे धरून उभी, ते आत जाऊन बसलेले. काकू म्हणाल्या, "घेणार नाहीत ते. तुला द्यायचेत त्यांना. तोंडाने सांगता येत नाही, म्हणून नियम काढलाय." मी घरी येऊन रडले. त्यांचं मन मला कळत होतं. पण ऐंशी हजार दान घेऊन मी उद्या त्या गाडीत कोणत्या तोंडाने बसू? माझी म्हणून घेतली होती. ऐंशी टक्के माझी आणि वीस टक्के त्यांची, अशी गाडी मला नको होती. मी पैसे डब्यात टाकत राहिले.

या दिवाळीनंतर काका-काकू मुलीकडे पुण्याला कायमचे जायला निघाले. बंगल्यात खोकी बांधलेली. मी फुलं घेऊन गेले आणि परडीत फुलांखाली ऐंशी हजार ठेवले होते. काका खोक्यांवर खडूने नंबर टाकत होते.

"काका, हे."

"ताई, नियम."

मी जमिनीकडेच बघत म्हटलं, "तो जुन्या मॉडेलचा नियम हाय, काका. तुमची आता नवी हाय. तिच्या पुस्तकात लिवलंय, शंभर भरली नाही तर आकडा खोटा दाखवते. तुमच्या वहीत माझा आकडा खोटा राहील."

काकूंनी आतून चिकटपट्टी फाडली, तेवढाच आवाज. काका खोक्यावर बसले, वही काढली, परडी मांडीवर घेतली आणि फुलं बाजूला करून मोजायला लागले. एकदा मोजले. परत मोजले. एक नोट उजेडात धरली आणि तिच्यावर खडूने बारीक फुली मारली.

"कडेला फाटलीय. रिजेक्ट."

मी मळ्यातून पळत घरी गेले, डब्यातून दुसरी नोट घेतली आणि पळत परत आले. धापा टाकत हातात दिली. काकांनी ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली, गड्डीवर ठेवली आणि रबर लावलं. वहीत शंभर लिहिलं, त्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या, आणि वही माझ्या हातात देत म्हणाले, "पास."